मधल्या खिडकीचं गाऱ्हाणं

मित्रांनो, आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते आणि मगच पुढचं बोलते. मी गळकी नाही. मी जुनी आहे, माझ्या काचा दोनदा बदलल्या आहेत, माझ्या एका दगडी माशाची शेपटी कबुतरांची जाळी लावताना कुणीतरी तोडली आहे, हे सगळं कबूल. पण गळकी? हा शब्द मी पाच वर्षं ऐकला. तोंडावर ऐकला आणि पाठीमागेही ऐकला. मी गळायला लागले ती कुणामुळे, हे आज सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

मी शिडाच्या बोटींच्या एका जुन्या क्लबाची खिडकी आहे. क्लब बोटींचा असला तरी इमारत समुद्रावर नाही, भर शहरात आहे. समुद्र इथून बसने पाऊण तास. आमच्या एका बाजूला बँक, दुसऱ्या बाजूला टोप्यांचं दुकान, समोर अरुंद रस्ता. शे-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या सभासदांची अडचण अशी होती की सुट्टीच्या दिवशी ते बोटीत असायचे, पण एरवी कामधंद्यासाठी शहरात अडकून पडायचे. तेव्हा त्यांना जमिनीवरच एक जहाज हवं होतं. हौसेला मोल नसतं म्हणतात ना, तशातली गत.

आर्किटेक्टने त्यांना ते दिलं. त्याने दर्शनी भिंतीत तीन उंच खिडक्या काढल्या आणि तिन्ही जुन्या जहाजांच्या मागच्या बाजूसारख्या घडवायला लावल्या. वर काचांच्या ओळी, खाली रस्त्यावर झुकलेलं फुगीर पोट, कडेला दगडी दोर, शंख आणि मासे, पोटाखाली दगडाचंच ओघळणारं पाणी. तीन जहाजं भिंत फोडून आत शिरली आणि मागचा भाग तेवढा बाहेर राहिला, असं वाटतं. शाळेला जाणारी मुलं अजूनही थांबून आईला विचारतात, "आत अडकलंय का गं ते?"

आत आमच्यामागे दोन मजले उंच दालन आहे. त्याच्या भिंतींवर शेकडो लाकडी बोटी टांगल्या आहेत, पण प्रत्येक अर्धीच. बोट बांधणारे आधी छोटा नमुना कोरतात, आणि बोटीच्या दोन्ही बाजू सारख्याच असल्यामुळे एकच बाजू कोरून त्यांचं भागतं. जेवणघराचं छत मुद्दाम ठेंगणं, जाड तुळयांचं, आणि भिंती आत झुकलेल्या, म्हणजे जेवताना माणसाला जहाजाच्या पोटात बसल्यासारखं वाटावं. जेवणाची वेळ झाली की घंटा वाजते तीसुद्धा जहाजावरची. क्लबाच्या प्रमुखाला कमोडोर म्हणतात. आणि एक नियम असा की मोठ्या दालनात नोकरमाणसांनी आपण होऊन बोलायचं नाही. जहाजावर कप्तानाला कुणी मधेच टोकत नाही म्हणे. हा नियम नीट ध्यानात ठेवा, कारण माझ्या सगळ्या दुर्दशेचं मूळ त्यात आहे.

मला घडवलं एका पाथरवटाने. कामावरची माणसं त्याला थेंबबुवा म्हणून चिडवायची. कारण तसंच होतं. बाकीचे पाथरवट दगड झाला की हात फिरवून बघायचे. हा पत्र्याचा डबा भरून पाणी आणायचा, दगडावर ओतायचा आणि उकिडवा बसून बघत राहायचा. थेंब कुठून निघाला, कुठे रेंगाळला, कुठे गेला. आर्किटेक्ट घाई करू लागला की हा शांतपणे म्हणायचा, "साहेब, तुम्ही पाणी कोरायला सांगितलंत, ते कोरलं. आता खऱ्या पाण्याचं बघू द्या."

त्या बघण्यातून त्याच्या लक्षात आलं की माझं पोट इतकं फुगीर आहे की पाऊस त्याच्यावरून ओघळेल, खाली पडणार नाही, पोटाला चिकटून उलटा आत वळेल आणि भिंतीत शिरेल. मग त्याने आम्हा तिघींच्या पोटाखाली, बाहेरच्या कडेजवळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटभर रुंदीची खाच कोरली. थेंब खाचेपाशी येतो, पुढे जायला वाट नसते, तिथेच जड होतो आणि खाली रस्त्यावर पडतो. एवढंच. रस्त्यावरून ती खाच दिसतसुद्धा नाही. नकाशात ती नव्हती, कुणी मागितली नव्हती, आणि ती कोरायला त्याला तिघींचे मिळून सोळा दिवस उताणं पडून काम करावं लागलं.

इमारतीच्या उद्घाटनाला आत भाषणं झाली. आर्किटेक्टच्या नावाने टाळ्या वाजल्या, आणि त्या वाजायलाच हव्या होत्या. थेंबबुवा समोरच्या फुटपाथवर उभा होता. त्याला आत बोलवायचं कुणाला सुचलंच नाही. चार दिवसांनी मुसळधार पाऊस आला तेव्हा तो पुन्हा आला, या खेपेला बायकोला घेऊन. एका छत्रीत दोघं उभी राहिली. तो तिला म्हणाला, "बघ. भिंतीला शिवतसुद्धा नाही." ती म्हणाली, "दिसतंय मला. आता चला, पाय भिजले." त्याच्यासाठी तेवढी दाद पुरेशी होती. तो हसत हसत गेला.

त्यानंतर शंभराहून जास्त वर्षं मी कोरडी होते. शंभर वर्षं, मित्रांनो. वादळं झाली, समोरची घरं पडून नवी झाली, टोप्यांच्या दुकानाचे चार मालक बदलले, पण माझ्या आतल्या बाजूला ओलाव्याचा डाग पडला नाही. मोठमोठी माणसं माझ्या आतल्या बाजूच्या बैठकीवर बसून बाहेर बघायची, फोटो काढून घ्यायची आणि म्हणायची, काय ही कारागिरी. ऐकून मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू?

आता ज्यांच्यामुळे हे सगळं झालं त्यांच्याकडे येते. क्लबाचे एक ज्येष्ठ सभासद आहेत. नोकरमाणसं त्यांना मागे डांबरकाका म्हणतात, कारण त्यांच्या बोटांना कायम काहीतरी काळं लागलेलं असतं. माणूस वाईट नाही. बोट चालवण्यात त्यांचा हात धरणारा दुसरा नाही. चाळीस वर्षं त्यांनी स्वतःची लाकडी बोट स्वतःच्या हाताने राखली. आणि बोटवाल्याच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसलेली असते, की फट दिसली की बुजवायची. बोटीला फट राहिली तर माणूस बुडतो. बरोबर आहे. पण मी बोट नाही हो. मी बोटीसारखी दिसणारी खिडकी आहे.

पाच वर्षांपूर्वी इमारतीची देखरेख त्यांच्याकडे आली. पहिल्याच महिन्यात त्यांनी डोलकाठीवर चढायची दोरखंडाची बैठक आणली, गच्चीवरून माझ्यासमोर सोडली आणि वयाच्या सत्तराव्या वर्षी तीत बसून खाली उतरले. रस्त्यावर गर्दी जमली. त्यांनी माझ्या पोटाखाली बोट फिरवलं आणि त्यांना खाच सापडली. "अरे, ही तर या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडी," ते वर बघून ओरडले. मग बोटीच्या फटी बुजवायची काळी चिकट पुट्टी मागवली आणि सगळी खाच ठासून भरली. वर अंगठा फिरवून गुळगुळीत केली. माझ्या चौकटीच्या तळाशी पाणी बाहेर जायला तीन बारीक भोकं होती, तीही सोडली नाहीत. मी ओरडू शकत असते तर त्या दिवशी अख्ख्या रस्त्याने ऐकलं असतं.

तेवढ्यात जेवणाची घंटा झाली. माझ्या थोरल्या आणि धाकट्या बहिणीची पाळी दुसऱ्या दिवशी होती. पण काकांची कंबर धरली आणि ते काम राहिलं ते राहिलंच. त्या वर्षीच्या मेजवानीत या वयातल्या हिमतीबद्दल त्यांना सगळ्यांनी उभं राहून टाळ्या दिल्या. कमोडोरने त्यांच्या गळ्यात दोरखंडाचा हार घातला. मी मागे उभी होते, पोटात पुट्टी घेऊन.

पुढच्या पावसात मी गळले.

दालनाची साफसफाई करणाऱ्या मावशी तेव्हा तिथे चोवीस वर्षं होत्या. त्यांच्या हाताला माझा कोपरा न् कोपरा ठाऊक होता. पाणी पहिल्यांदा त्यांनीच पाहिलं. डाव्या खालच्या कोपऱ्यातून, पाऊस सुरू झाल्यावर वीसेक मिनिटांनी, लाकडी पट्टीच्या मागून हळूच. त्यांनी फडकं लावलं, मग टॉवेल लावले, मग परात ठेवली. आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी नियम मोडला. डांबरकाका दालनात पेपर वाचत होते, त्यांच्यापाशी जाऊन त्या आपण होऊन बोलल्या.

"साहेब, ही खिडकी आधी गळत नव्हती. ती काळी पुट्टी भरल्यापासून गळते."

काकांनी पेपर खाली केला. "मावशी, मी चाळीस वर्षं पाणी अडवतोय."

"अडवताय खरं. पण मग त्याने जायचं कुठून?"

काका हसले. वाईट हेतूने नव्हे, लहान मुलाच्या प्रश्नाला हसतात तसे. म्हणाले, "तुम्ही लादी बघा, खिडकीचं मी बघतो." आणि पेपर पुन्हा वर केला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढा नेमका प्रश्न त्या खोलीत शंभर वर्षांत कुणी विचारला नसेल.

मावशी गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. दोन वर्षं त्या हेच वाक्य सांगत राहिल्या. कमोडोरला जिन्यात गाठून सांगितलं, सेक्रेटरीला सांगितलं, रंगाऱ्याला सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. रंगाऱ्याने डागावर रंग मारला. सेक्रेटरीने काकांना विचारलं आणि काका म्हणाले की त्या खिडकीत मुळातच खोट असणार. पुरावा काय, तर थोरली कोरडी आहे, धाकटी कोरडी आहे, मधलीच तेवढी गळते. बघा म्हणजे. दोघी कोरड्या का आहेत, असा उलटा विचार एकाच्याही डोक्यात आला नाही. सारं खापर माझ्या माथी.

मग ती बोट फुटली. क्लबाची सगळ्यात पहिली बोट, तिचा अर्धा नमुना, माझ्या डाव्या बाजूला भिंतीवर टांगलेला होता. भिंतीतली ओल त्याच्यात उतरली, लाकूड फुगलं आणि एका सकाळी मधोमध तडकलं. सभासद हळहळले, आणि त्यांचं चूक नव्हतं, ती खरोखरच सुंदर होती. दालनात सगळे जमले. डांबरकाकांना ती बोट जिवापलीकडे प्रिय होती. त्यांचा चेहरा लाल झाला, आणि ते मावशींकडे वळून सगळ्यांसमोर मोठ्यांदा म्हणाले, "काल रात्री खिडकी उघडी टाकून गेलात तुम्ही."

"नाही साहेब. कडी लावून गेले होते."

"मग एवढं पाणी आलं कुठून?"

"ते मी दोन वर्षं सांगतेय."

हे उत्तर त्यांना उर्मट वाटलं. खरं उत्तर होतं ते, पण दालनात, वीस माणसांसमोर, आणि न विचारता दिल्यासारखं. मित्रांनो, कडी माझ्याच अंगावर आहे. ती लागलेली होती हे मला ठाऊक नसणार तर कुणाला? पण साक्ष कोण घेतो खिडकीची. मावशींना त्याच दिवशी कामावरून काढलं. त्यांनी टॉवेल पिळून कठड्यावर वाळत घातले, परात पुसून जागेवर ठेवली आणि मागच्या जिन्याने गेल्या. बाहेर रस्त्यावर आल्यावर त्यांनी डोळ्याला पदर लावला. ते फक्त मी पाहिलं.

तुम्हाला वाटेल, पुढच्या पावसात मी पुन्हा गळले तेव्हा तरी यांची ट्यूब पेटली असेल. छे. मावशी नव्हत्या, खिडकी घट्ट बंद होती, तरी पाणी आलंच. पण 'आपलं चुकलं' असं एकानेही तोंडातून काढलं नाही. उलट आता बोल लावायला मीच उरले. दोन वर्षं अशीच काढली आणि मग ठराव झाला, की मधली खिडकी भिंतीतून कापून काढायची आणि तिथे सपाट काच बसवायची. ठराव मांडला कुणी? ओळखलंत ना.

मला कापायची मापं घ्यायला एक पाथरवट बाई आली. पन्नाशीची, आखूड केसांची, खिशात छिन्नी खोचलेली. तिने नकाशे बाजूला ठेवले आणि पहिला प्रश्न विचारला, "इथली लादी कोण पुसतं?"

सेक्रेटरीने साफसफाईच्या नव्या पोरीला पुढे केलं. ती म्हणाली, "मला येऊन सहाच महिने झालेत. पण दरवानकाका सांगतात, आधीच्या मावशी कसल्याशा काळ्या पुट्टीचं म्हणायच्या." दरवानाकडे मावशींचा नंबर होता. पाथरवट बाई माझ्या बैठकीवर बसली आणि तिथूनच फोन लावला. दहा मिनिटं ती नुसती ऐकत होती. कोणता कोपरा, किती वेळाने, पाणी कसल्या रंगाचं, वरून येतं की खालून. अधूनमधून म्हणायची, "हं. बोला मावशी." शेवटी म्हणाली, "एवढं नेमकं मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी परांची बांधून ती माझ्या पोटाखाली गेली. सुरीने खरवडलं, काळी पुट्टी निघाली, आणि तिने तोंडातल्या तोंडात एक शिवी हासडली. ती इथे सांगत नाही, पण मला फार गोड वाटली. तिने वीतभर खाच मोकळी केली आणि कमोडोर, सेक्रेटरी, डांबरकाका, सगळ्यांना खाली रस्त्यावर उभं केलं. मग वरून बादली ओतली. बुजलेल्या भागावरून पाणी पोटाला चिकटून सरळ भिंतीत गेलं. मोकळ्या वीतभर जागेतून थेंब पडले, टपाटप, काकांच्या बुटांवर.

काकांनी वर खाचेकडे बघितलं. मग स्वतःच्या काळवंडलेल्या बोटांकडे बघितलं. शेवटी म्हणाले, "ही खाच पाणी अडवायला नव्हती तर."

"नाही. सोडायला होती," ती म्हणाली.

कमोडोर म्हणाले, झालं तर मग, ठराव रद्द, उरलेली पुट्टी आजच काढून टाका. मी सुटकेचा निःश्वास टाकणार, एवढ्यात पाथरवट बाईने छिन्नी खिशात ठेवली. "काढते. पण आधी त्या मावशींना कळवा की खिडकी उघडी नव्हती."

"पत्र पाठवू ना आम्ही सवडीने," सेक्रेटरी म्हणाला.

"पाठवा. मी थांबते." आणि ती परांचीवर थर्मास उघडून चहा पीत बसली. दोन दिवस बसली. आभाळ भरून आलेलं, माझ्या पोटात अजून पुट्टी, आणि तरी मी मनात म्हणत होते, बाई गं, उठू नकोस.

तिसऱ्या दिवशी काय झालं ते दरवानाने नव्या पोरीला सांगितलं, म्हणून मला कळलं. डांबरकाका स्वतः बसने मावशींच्या घरी गेले होते. मावशींनी त्यांना दारातच थांबवलं. म्हणाल्या, "इथे नको. जिथे म्हणालात तिथे येऊन म्हणा."

दुपारी जेवणाआधी दालनात बरीच माणसं जमलेली असतात. मावशी दरवानासोबत आत आल्या आणि उभ्या राहिल्या. काका पुढे आले आणि खालच्या आवाजात काहीतरी पुटपुटले.

"मोठ्यांदा," मावशी म्हणाल्या. "त्या दिवशी जिन्यापर्यंत ऐकू गेलं होतं."

काकांनी घसा साफ केला. "खिडकी उघडी नव्हती. मावशींची काही चूक नव्हती. चूक माझी होती."

कमोडोर लगबगीने पुढे झाले आणि म्हणाले, मावशी, उद्यापासून पुन्हा या कामावर. मावशी म्हणाल्या, "नको साहेब. मला शाळेत काम मिळालंय. तिथे नळ गळला की मास्तर आधी मलाच विचारतात." त्या माझ्यापाशी आल्या, डाव्या कोपऱ्यात तळहात टेकवून ओल किती चढली आहे ते पाहिलं, बाहेर परांचीवरच्या बाईला मान हलवून खूण केली आणि गेल्या. छिन्नीचा पहिला घाव माझ्या पोटावर पडला तो त्यानंतर.

आता मी पुन्हा कोरडी आहे. परवा क्लबाचं वार्षिक पुस्तक छापून आलं. त्यात एक ओळ आहे: 'ज्येष्ठ सभासदांच्या दक्षतेमुळे मधल्या खिडकीतील जुना दोष दूर झाला.' जुना दोष म्हणे! मावशींचा उल्लेख नाही, पाथरवट बाईचा नाही, आणि थेंबबुवा तर त्यांना माहीतही नाही.

म्हणून मित्रांनो, जुन्या वास्तू जपा, दगडांवर नावं कोरू नका, वगैरे तुम्हाला शाळेत सांगतील, ते ऐकाच. मला वेगळं सांगायचं आहे. कुठे पाणी गळताना दिसलं तर खिडकीला नावं ठेवण्याआधी, ज्याच्या हातात फडकं आहे त्याला विचारा. आणि तो जे सांगेल ते पेपर खाली ठेवून ऐका. मावशींचं म्हणणं एका वाक्याचं होतं. ते वेळेवर कुणी ऐकलं असतं तर त्या बोटीला तडा गेला नसता, माझ्यावर करवत यायची वेळ आली नसती, आणि सव्वीस वर्षं इमानाने काम केलेल्या बाईला आपला खरेपणा वीस माणसांत ऐकू यावा म्हणून 'मोठ्यांदा' असं सांगावं लागलं नसतं.